पाळी जाण्याचं वय आणि पावडरीचा डबा

'चाळिशी ओलांडलेल्या महिलांसाठी हार्मोन बॅलन्स पावडर. हजारो वर्षांचा आयुर्वेदिक वारसा.' अंजनवेल काय नि गुहागर काय, मोबाईल उघडला की अशा जाहिराती दिसतातच. वारशाचं नाव घेतलंय, तर थोडा इतिहास बघूया.

'हार्मोन' हा शब्दच १९०५ सालचा. इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो रूढ केला. इस्ट्रोजेन गटातलं पहिलं हार्मोन शुद्ध रूपात वेगळं निघालं ते १९२९ मध्ये. मग हजारो वर्षांपूर्वी कोण कसला बॅलन्स करत होतं? सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षापासून येते आणि पन्नाशीला जाते, असं साधं सांगितलंय. म्हणजे तो वयाचा भाग, रोग नव्हे. शतावरी जुनीच, पण तिची मुख्य ओळख बाळंतिणीला दूध येण्यासाठी आणि ताकदीसाठी. पाळी जाताना ती किती उपयोगी, याचा भक्कम पुरावा अजून थोडाच आहे.

ॲलोपॅथीवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. १९४२ मध्ये अमेरिकेत गाभण घोडीच्या मुतापासून केलेली हार्मोनची गोळी आली आणि पुढे 'कायम तरुण राहा' म्हणून खपवली गेली. २००२ मध्ये १६,६०८ महिलांवरची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले. पुढे कळलं की साठीच्या आत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही गोळी अनेकींना उपयोगी पडते. म्हणजे प्रश्न कोणाला, कधी, किती हाच.

आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. पाळीच्या तक्रारी बऱ्या करतो असं सांगून औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. तरी डबे खपतात, कारण घरात कोणी बोलत नाही. दाभोळ खाडीपलीकडच्या मुरूडचे र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असल्या विषयांवर उघड लिहिलं. त्यापायी कोर्टात उभं राहावं लागलं. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी १९५३ पर्यंत, मरेपर्यंत त्यांनी मासिक चालवलं. आणि आपण अजून कुजबुजतोच!

अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही, चिडचिड होते. यात लाजण्यासारखं काय? रोज चालणं, थोडं वजन उचलणं, वेळेवर झोप हे फुकट आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. हाडांसाठी भाकरी खा. कोकम सरबताने बरं वाटत असेल तर जरूर प्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर अश्वगंधा मनाने घेऊ नका.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा रक्त दिसलं, थोडंसं का असेना, तर 'उष्णता झाली' म्हणून पावडर घेत बसू नका. ते गर्भाशयाच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं. थेट डॉक्टरांकडे जा.

पुरुष मंडळींनो, हे आईला, बायकोला वाचून दाखवा. नुसतं फॉरवर्ड नको.