मुनाझिलचे भाषण

*मुनाझिलचे भाषण : ‘मजनू लैला’ ही इजिप्तचे कवी अहमद शौकी (१८६८–१९३२) यांची पद्य शोकांतिका; ती घडते मात्र नज्दमध्ये, म्हणजे आजच्या सौदी अरेबियात. लैलावरच्या प्रेमाच्या कविता गाणाऱ्या कैससाठी (हाच मजनू) रदबदली करायला उमय्या राजवटीचा अधिकारी इब्न औफ लैलाच्या वस्तीवर येतो, तेव्हा मुनाझिल जमावाला कैसविरुद्ध चेतवतो. त्याचा स्वतःचाही लैलावर डोळा आहे, हे वाचकाने विसरू नये. तरी सुरुवात करतो ती कैसच्या कवित्वाच्या कौतुकाने! शिवीगाळ केली असती, तर मत्सर उघडा पडला असता. स्तुतीने ऐकणारे गाफील होतात आणि मग तीच कविता गुन्ह्याचा पुरावा ठरते : जितकी गोड, तितकी दूर जाणार, तितकीच लैलाची बदनामी. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधला अँटनी इथे आठवतोच. पण अँटनीला सीझरचे प्रेत आणि मृत्युपत्र दाखवता येते. मुनाझिलच्या हाती केवळ अब्रूची भीती. आमच्या मते तीच अधिक जहाल. पुढे लग्नाचा कौल लैलावरच सोपवला जातो, आणि कैसवर जीव असूनही ती सकीफ टोळीतल्या वर्दला होकार देते.