लेबलखालचा स्क्रू

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या बुधवार पेठेत, आमच्या तपकीर गल्लीत, 'टीव्ही गेम'ची दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा वायरचीच दुरुस्ती असायची. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या नकला इकडे धडाक्याने विकल्या जात होत्या. खेळाच्या भरात पोरं हिसके द्यायची आणि वायर रिमोटमध्ये शिरते नेमकी तिथेच तुटायची. मागचे साधे स्क्रू काढायचे, तुटका तुकडा छाटायचा, पाच तारा पुन्हा सोल्डर करायच्या, बटणांखालचं काळं रबर स्पिरिटने पुसायचं. झालं काम. पेचकस धरता येणाऱ्या कुणालाही ते उघडता यावं, अशीच त्याची घडण होती.

वायर काढून टाकायची धडपड मात्र तितकीच जुनी. अटारीने १९८३ मध्येच रेडिओवर चालणाऱ्या जॉयस्टिक विकल्या, पण त्या फार बोजड होत्या. पुढे इन्फ्रारेडचे प्रयोग झाले. मधून कुणी आडवं गेलं की खेळ अडायचा. खरं जमलं ते २००२ मध्ये, निन्टेन्डोच्या वेव्हबर्डमध्ये. दोन पेन्सिल सेल, रेडिओ लहरी आणि सोळा चॅनेल निवडायची छोटी चकती. थरथरणारी मोटर तेवढी त्यात नव्हती. २००५-०६ च्या एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ पासून बिनवायरीचा कंट्रोलर हाच रिवाज झाला.

वायरचं दुखणं गेलं, पण उघडणं अवघड झालं. २०१३ चा एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर घ्या. वरून एकही स्क्रू दिसत नाही. मुठींच्या बाजूच्या पट्ट्या पातळ प्लास्टिकने सावकाश उचकटाव्या लागतात, मग आतले चार स्क्रू दिसतात. त्यांचं तोंड ताऱ्यासारखं आणि मधोमध बारीक खुंटी, म्हणजे साधा ताऱ्याचा पेचकसही बसत नाही. पाचवा स्क्रू सेलच्या खोबणीत, लेबलखाली. लेबलावरून बोट फिरवलं की खड्डा लागतो. तिथे भोक पाडायचं. हे लपवणं मला कधीच पटलं नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू माणसाला उघडता आली पाहिजे.

आत गेल्यावर बहुतेक वेळा दोष सापडतो तो अंगठ्याने फिरवायच्या स्टिकमध्ये. स्टिकच्या बगलेला दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, त्यांत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासते. पट्टी झिजली की हात न लावता खेळाडू आपला आपण चालू लागतो. पोरं त्याला ड्रिफ्ट म्हणतात. झिजणारा भाग एवढासा, पण तो बदलायला बोर्डवरचे चौदा सांधे मोकळे करावे लागतात. घाई केली की बोर्डवरचं तांबं उखडून येतं.

आणि यावरचा उपाय आधीच सापडलेला होता! सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या स्टिकमध्ये लोहचुंबक आणि हॉल सेन्सर वापरले होते. घासायला काही नाही, म्हणून झिजायलाही नाही. सेगाने २००१ मध्ये कन्सोल बनवणं थांबवलं आणि बाजारात स्वस्त कार्बनपट्टीचीच चलती राहिली. निन्टेन्डोच्या २०१७ च्या स्विच कन्सोलच्या जॉय-कॉन कंट्रोलरपर्यंत येता येता ड्रिफ्टची तक्रार जगभर गाजली. २०२३ च्या ड्युअलसेन्स एज कंट्रोलरमध्ये सोनीने अख्खी स्टिक हाताने काढून बदलता येईल अशी केली, सोल्डरशिवाय. पण फक्त त्या महागड्या मॉडेलमध्ये. युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरी कायदा सांगतो की फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. स्टिकबद्दलही असाच नियम हवा, असं माझं ठाम मत आहे.

तोवर माझ्या टेबलावर ड्रिफ्टचा कंट्रोलर आला की मी गिऱ्हाइकाला दोन्ही स्टिक दाखवतो, कार्बनची आणि चुंबकाची. चुंबकाची महाग पडते, बसवल्यावर तिचा मध्य नीट जुळवावा लागतो आणि त्यात वेळ जातो. तरी मी तीच घ्यायला सांगतो.