पाठवणाऱ्याचे नाव

लक्ष्मीपूजनाला तुम्ही पाटावर काय मांडता? आमच्या मस्कतच्या घरी नाणी, नोटा आणि सासूबाईंची मोहनमाळ यांच्याशेजारी एक जाड पुठ्ठ्याची फाइल ठेवली जाते. तिच्यात १९८४ पासूनच्या ड्राफ्टांच्या पावत्या आहेत. लहानपणी माझ्या मुलीला वाटायचे की ती कसली तरी पोथीच आहे.

यंदा संपादकांनी ‘आखातातला आपला इतिहास’ असा विषय दिला, तेव्हा मी तीच फाइल काढून बसले. तीस वर्षे इथल्या भारतीय शाळांत गणित शिकवले, त्यामुळे हिशेबाच्या वाटेनेच इतिहासाकडे जाणे मला सोपे वाटते.

वाचकहो, आपल्यातल्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल, पण एकेकाळी इथून मुंबईला पैसे ‘पाठवण्यात’ चलन बदलण्याचा प्रश्नच नव्हता. कुवेतपासून मस्कतपर्यंत भारतीय रुपयाच चालत असे. ओमानच्या अंतर्भागात मारिया थेरेसाचे चांदीचे नाणे चाले, किनाऱ्यावर मात्र रुपया. आजही ओमानी रियालचे हजार ‘बैसा’ होतात, तो बैसा म्हणजे आपला पैसाच. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटीने मुंबईला उतरलेला माणूस खिशातली नोट तशीच भेंडीबाजारात खर्च करू शके.

ही सोय सोन्याने बिघडवली. भारतातून रुपये इकडे यायचे, त्यांचे सोने व्हायचे, ते चोरून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायचे आणि इथे जमलेल्या रुपयांच्या बदल्यात भारताला परकीय चलन मोजावे लागायचे. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असे. भारतात त्या चालत नसत. कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार आणला, बहरीनने १९६५ मध्ये. जून १९६६ मध्ये भारताने अवमूल्यन केले, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला आणि बाकीच्यांनीही रुपया सोडायला सुरुवात केली. ओमान सर्वांत शेवटी राहिला, १९७० पर्यंत. त्याच वर्षी सुलतान काबूस गादीवर आले. तेव्हा साऱ्या देशात तीन शाळा होत्या. पुढच्या काही वर्षांत शाळा भराभर उघडत गेल्या आणि त्यांच्यासाठी परदेशातून शिक्षक येऊ लागले. १९७५ मध्ये मस्कतची इंडियन स्कूल सुरू झाली.

मी आले १९८४ मध्ये. यजमान एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट होते. माझा पगार १४० रियाल, पाकिटात रोख. एका रियालला तेव्हा साधारण ३३ रुपये मिळत. मुंबईतल्या माझ्या शिक्षिका मैत्रिणींना हा हिशेब पत्रात लिहायचा मला संकोच वाटे. आखातात इंजिनियरांच्या मानाने शिक्षक गरीबच, पण गावाकडे ते कोण बघतो?

पैसे पाठवायचे म्हणजे रुवीला जायचे. गुरुवारी संध्याकाळी एक्स्चेंजसमोर रांग लागायची आणि ती जवळजवळ सगळी पुरुषांची. फळ्यावर खडूने दर लिहिलेला असे. दोन-तीन एक्स्चेंजचे फळे बघून पाच पैशांसाठी रस्ता ओलांडणारी माणसे मी पाहिली आहेत, त्यात आमचे हे एक. मुंबईवरचा ड्राफ्ट घ्यायचा, त्याचा क्रमांक वहीत उतरवायचा, मग रजिस्टर्ड पोस्टाने किंवा सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या हाती चिपळूणला धाडायचा. तिथल्या बँकेत तो भरला की वटण्यासाठी पुन्हा मुंबईची वारी. पैसे पोचल्याचे पत्र यायला दीड महिना सहज जाई. ड्राफ्ट हरवला तर हमीपत्र लिहून द्या, दुसरा मिळेपर्यंत थांबा. आमचा एक ड्राफ्ट असा हरवला तो नेमका स्लॅबच्या महिन्यात. सासऱ्यांनी गवंड्यांना उधारीवर कसे थोपवून धरले असेल, त्यांचे त्यांनाच ठाऊक.

रांगेत बाजूला येऊन ‘बँकेपेक्षा चांगला दर देतो, घरपोच’ असे हळूच सांगणारेही असत. हवाला म्हणजे आजच्या मुलांना सिनेमातली गोष्ट वाटते. तेव्हा ती रोजच्या बोलण्यातली होती, कारण डॉलरचा सरकारी दर एक आणि बाजारातला वेगळाच. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर दोन तट होते. आम्ही मोहात पडलो नाही, त्यात तत्त्वापेक्षा भीतीच जास्त होती हे कबूल करते. मार्च १९९३ मध्ये भारताने बाजाराचाच एक दर मान्य केला आणि त्या कुजबुजीतला दम बराच गेला.

दराने आम्हाला दोन्ही बाजूंनी शिकवले. जानेवारी १९८६ मध्ये तेल उतरले म्हणून ओमानने आपला रियालच २.८९५ डॉलरवरून २.६००८ वर आणला. पगाराचे पाकीट तेच, पण चिपळूणचा ड्राफ्ट रातोरात दहा टक्क्यांनी आखूड. उलट जुलै १९९१ मध्ये १ आणि ३ तारखेला भारताने रुपया खाली आणला. जूनमध्ये ५५ च्या आसपास असलेला रियाल वर्षअखेर ६७ वर होता. तोवर भारतावर सोने गहाण टाकायची वेळ आली होती. त्याच आठवड्यात, ५ जुलैला, बीसीसीआय ही बँक जगभर बंद झाली. परदेशात राबणाऱ्या किती जणांची पुंजी तिच्यात अडकली!

पण माझ्यासाठी खरे वळण त्याआधीचे, ऑगस्ट १९९० चे. कुवेतवर इराकने ताबा मिळवला. तिथल्या भारतीय शाळांतली आमच्यासारखीच माणसे एका रात्रीत बिनपगारी, बिनबँकेची झाली. इराकने कुवेती दिनार आपल्या पडलेल्या दिनाराबरोबरीचा ठरवला, नंतर चलनातूनच काढला. वाळवंट ओलांडून लोक अम्मानला पोचले आणि एअर इंडियाने पावणेदोन लाखांच्या घरात माणसे मायदेशी आणली. त्यातल्या कितीतरी जणांच्या हाती एक बॅग आणि पासबुक. ज्यांनी आधीच घरी पाठवले होते तेवढेच वाचले.

त्या बातम्या ऐकताना मी स्वतःला विचारले, उद्या आपल्यावर ही वेळ आली तर माझ्या नावावर काय आहे? काहीच नव्हते. सगळे पैसे सासऱ्यांच्या साध्या बचत खात्यात जात. परदेशस्थांसाठीचे रुपयातले एनआरई खाते १९७० पासून होते, परकीय चलनातले एफसीएनआर १९७५ पासून. ते आम्हाला ऐकून माहीत होते. पण भारतात राहणाऱ्या सासऱ्यांचे नाव एनआरईला जोडता येत नसे (जवळच्या नातेवाइकांना ती मुभा मिळाली २०११ मध्ये), आणि घर बांधणार ते, मग पैसे त्यांच्या हाताशी हवेत. साधा विचार होता, चुकीचाही नव्हता. मात्र त्या खात्यात पडलेला रुपया कागदोपत्री त्यांचा झाला.

सप्टेंबर १९९० मध्ये मी रजा टाकून रुवीला गेले, स्वतः रांगेत उभी राहिले आणि माझ्या एनआरई खात्यासाठी पहिला ड्राफ्ट काढला. साठ रियाल. पावतीवर पाठवणाऱ्याचे नाव म्हणून माझे नाव, स्पेलिंग चुकलेले.

२००४ मध्ये सासरे गेले. चिपळूणच्या घराच्या वाटण्यांसाठी भाऊ बसले, तेव्हा हीच फाइल ओसरीवर उघडली गेली. यजमान म्हणाले, ‘यातले निम्मे हिचे.’ धाकट्या दिरांनी चष्मा लावून पावत्या चाळल्या. म्हणाले, ‘वहिनी, तुमचं नाव तर नव्वदच्या आधी कुठेच नाही.’ त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, कागदावर खरोखरच नव्हते. रांगेत हे उभे राहत, म्हणून नाव यांचे. घर तीन भावांत वाटले गेले, आणि आम्ही आजही दर मे महिन्यात तिथे आनंदाने राहतो.

आता माझी मुलगी टोरंटोहून फोनवर बोट फिरवते आणि मिनिटाभरात माझ्या खात्यात पैसे येतात. पावती म्हणजे एक मेसेज. रियाल दोनशे रुपयांच्या पुढे गेला आहे. गेल्या दिवाळीला ती आली तेव्हा तिला पावत्यांचे फोटो काढून ठेवायचे होते. काढता काढता तिने विचारले, ‘आई, तुझा पगार कधी व्हायचा?’ शाळेचा महिनाअखेरीस, बाबांच्या कंपनीचा सात-आठ तारखेला. हातात रोख आली की त्याच गुरुवारी ड्राफ्ट, कारण घरात ठेवली तर खर्च होणार.

मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि तारखांप्रमाणे दोन गठ्ठे केले. ऑगस्ट १९९० पर्यंतच्या पावत्या ७३. महिन्याच्या शेवटच्या किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या ४१. त्यांच्या मागे तिने पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘आई’ असे लिहिले. यजमानांनी चहा आणला, गठ्ठे पाहिले आणि उरलेल्या ३२ मधल्या दोन पावत्या उचलून आमच्या गठ्ठ्यात टाकल्या. म्हणाले, ‘या तुझ्या ट्यूशनच्या.’