भुसा कोणाचा?

शहापूर–मुरबाडच्या लाकडाचा इतिहास म्हणजे सागाच्या ओंडक्याचा इतिहास. करवतीखालचा भुसा त्यात येत नाही. १८६५ मध्ये रेल्वे थळ घाट चढली; त्याआधीच शहापूरचे जंगल रेल्वेने मुंबईच्या बाजाराला जोडले गेले होते. १८७८ च्या कायद्याने जंगलावरची सरकारी पकड घट्ट झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांना कूप देण्याचे धोरण आखले. ठेकेदाराचा नफा तोडकऱ्या आदिवासीला मिळावा, हा हेतू. गोदावर्मन खटल्यातील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने केंद्राच्या मंजुरीविना वनक्षेत्रात चालणाऱ्या लाकूड गिरण्या थांबवल्या.

या साऱ्यात भुशाला मोल नव्हते, म्हणूनच तो गरिबाच्या शेगडीत ठासला गेला. आज तोच वाळवून, यंत्रात दाबून ‘पांढरा कोळसा’ होतो. वेगळा डिंक लागत नाही; उष्णतेने मऊ झालेले लाकडातले लिग्निनच कण बांधते. ओला भुसा मात्र नीट बांधला जात नाही, त्यामुळे कोकणच्या पावसाळ्यात खरा खर्च वाळवणीचा.

टाकाऊला भाव आला, की त्याला मालकही येतो. ओंडक्याच्या हिशेबात तोडकऱ्याचा वाटा सहकारी संस्थांनी तरी मागितला होता. भुशाच्या हिशेबात तो कोण मागणार?