गुडघ्यातल्या दोरीची सव्वाशे वर्षं

१८९५ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात आर्थर मेयो रॉबसन नावाच्या सर्जनने एका ४१ वर्षांच्या खाणकामगाराचा गुडघा उघडला. खाणीत ढिगारा कोसळून झालेल्या अपघातानंतर त्याचा गुडघा सैल पडला होता. पाय कधी दगा देईल याचा नेम नव्हता. आत पाहिलं तर फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे दोन्ही लिगामेंट वरच्या टोकापासून तुटलेले. रॉबसनने ते कॅटगटने, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून बनवलेल्या धाग्याने, जागच्या जागी शिवले. सहा वर्षांनी तपासलं तेव्हा तो माणूस लंगडत नव्हता, पळूही शकत होता.

मी हा इतिहास वाचायला घेतला त्याचं कारण जिंतूर तालुक्यात आहे. माझा चुलतभाऊ २३ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. कबड्डीत चढाई करताना पाय रोवून वळला आणि गुडघ्यात 'कट' असा आवाज झाला. तासाभरात गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये निघालं की एसीएल पूर्ण तुटलाय, बाकी गादी शाबूत आहे. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी आधी तीन महिने व्यायाम करून बघू म्हटलं. घरात लगेच दोन तट पडले. काका मला म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना, कॉम्प्युटरवर बघून सांग काय ते."

मी सॉफ्टवेअरवाला. गुडघ्याबद्दल सल्ला देण्याचा मला काहीच अधिकार नाही. पण दोन जाणती माणसं एकाच रिपोर्टवर दोन गोष्टी का सांगतात, एवढं तर शोधता येतं. शोधल्यावर कळलं की हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत.

आधी एसीएल करतो काय ते बघू. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्यात भेटतात. नडगी पुढे घसरू नये आणि भलतीकडे वळू नये म्हणून सांध्याच्या मधोमध ही आखूड, जाड दोरी असते. सरळ रेषेत चालताना, सायकल चालवताना तिच्यावर फारसा ताण येत नाही. धावता धावता दिशा बदलली, उडी मारून एका पायावर उतरलं, की ताण येतो. कबड्डीतली चढाई म्हणजे तर दुसरं काय!

फ्रान्समध्ये लिऑं इथल्या आमेदे बोने यांनी १८४५ मध्येच या दुखापतीची लक्षणं लिहून ठेवली होती. तुटताना येणारा आवाज, सांध्यात भरणारं रक्त, पायाचा गेलेला जोर. चुलतभावाच्या बाबतीत तिन्ही जशीच्या तशी. बोने यांनी आणखी एक गोष्ट बजावली होती, की सांधा फार दिवस जखडून ठेवू नका, लवकर हलवायला लागा. पुढच्या सर्जननी ही गोष्ट विसरून पुन्हा शिकायला बरीच वर्षं घेतली.

पहिल्या महायुद्धात जायबंदी गुडघ्यांची रांग लागली. ब्रिटनमधले अस्थिशल्यचिकित्सेतले मोठे नाव सर रॉबर्ट जोन्स यांनी १९१६ मध्ये स्पष्ट लिहिलं, की हे लिगामेंट शिवून काही उपयोग नाही, शरीर स्वतः जे भरून काढेल त्यावरच विसंबावं. लगेच पुढच्या वर्षी ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी तिसरी वाट काढली. तुटलेली दोरी शिवायची नाही, नवी ओवायची. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा घेऊन त्यांनी तो हाडात पाडलेल्या बोगद्यातून ओढला. आज जे ऑपरेशन होतं, त्याचा सांगाडा हाच.

तरी शिवण्याचा मोह सुटला नाही. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तरुण कॅडेट्सचे एसीएल शिवले गेले. सुरुवातीला निकाल झकास वाटले. १९७६ मध्ये फीगिन आणि कर्ल या दोघांनी पाच वर्षांनंतरचा हिशेब मांडला, तेव्हा बहुतेकांचे गुडघे पुन्हा सैल झालेले दिसले. कारण साधं आहे. ही दोरी सांध्यातल्या वंगणात बुडालेली असते. बाहेरच्या जखमेवर जशी रक्ताची खपली धरते आणि तिच्या आधाराने मांस भरतं, तशी खपली इथे टिकतच नाही.

मग कृत्रिम दोऱ्या आल्या. गोअर-टेक्सच्या लिगामेंटला अमेरिकेत १९८६ मध्ये परवानगी मिळाली आणि १९९३ मध्ये ते बाजारातून गेलं. दोऱ्या झिजायच्या, तुटायच्या, सांधा सुजायचा. शेवटी माणसाच्या स्वतःच्या शरीरातली दोरीच बरी ठरली. वाटीखालच्या पट्ट्याचा मधला तिसरा हिस्सा, नाहीतर मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचा तुकडा. १९८० पासून हे काम दुर्बिणीतून, छोट्या छिद्रांमधून व्हायला लागलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १९९० ची आहे. तोवर ऑपरेशननंतर पाय बराच काळ जपून, जखडून ठेवत. इंडियानापोलिसचे डोनाल्ड शेलबर्न यांच्या लक्षात आलं, की त्यांचं न ऐकणारे, सांगितलेली पथ्यं मोडून लवकर चालू-फिरू लागलेले पेशंट आज्ञाधारक पेशंटपेक्षा चांगले बरे होतायत. त्यांनी पेशंटला दोष न देता आपला कार्यक्रमच बदलला. पहिल्या दिवसापासून गुडघा पूर्ण सरळ करणं, लवकर वजन टाकणं, लवकर ताकद कमावणं. बोने जे १८४५ मध्ये म्हणत होते, त्याच्या जवळपासच गाडी आली.

इथवर दिसतं ते असं, की धागा बदलला, दोरी बदलली, चिरेची लांबी बदलली. व्यायाम मात्र कुणालाच टाळता आला नाही. मग थेट प्रश्न उरतो की नुसत्या व्यायामावर भागतं का?

२०१० मध्ये स्वीडनमधल्या रिचर्ड फ्रोबेल आणि सहकाऱ्यांनी याचा नीट प्रयोग छापला. १८ ते ३५ वयाचे १२१ सक्रिय तरुण, सगळ्यांचा एसीएल नुकताच तुटलेला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ६२ जणांचं लवकर ऑपरेशन आणि व्यायाम. ५९ जणांचा फक्त व्यायाम, गरज पडली तर पुढे ऑपरेशन. दोन वर्षांनी दुखणं, हालचाल, खेळ यात दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. व्यायामाच्या गटातल्या २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, पाच वर्षांत हा आकडा ३० झाला. म्हणजे साधारण निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नाही. तुम्ही कुठल्या बाजूने भांडता यावर हाच आकडा 'निम्मे वाचले' किंवा 'निम्म्यांना शेवटी करावंच लागलं' असा वाचता येतो. आमच्या घरात दोन्ही वाचनं झाली.

आणि दुसरी बाजूही आहे. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ३१६ जणांवरचा अभ्यास आला. ही माणसं जुन्या दुखापतीची होती, ज्यांचा गुडघा अजूनही सटकत होता. त्यांच्यात ऑपरेशनवाला गट दीड वर्षाने सरस ठरला. दोन्ही अभ्यास खरे आहेत, माणसं वेगळी आहेत. ताज्या दुखापतीला थांबून बघायला वाव आहे. पण व्यायाम करूनही गुडघा वारंवार दगा देत असेल तर थांबणं फुकट नसतं, दर सटकण्यात आतली गादी फाटण्याचा धोका असतो.

काकांच्या बाजूचा मोठा पुरावा मात्र आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातला होता. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, राष्ट्रकुलचं रौप्य, एशियाडचं सुवर्ण. ११ जुलै २०२५ ला मोनॅकोत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला, एसीएल आणि गादी दोन्हींना इजा झाली. मुंबईत ऑपरेशन झालं आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. "साबळेने केलं तर आपण का नाही?" हा काकांचा सवाल.

उत्तर त्या शर्यतीतच आहे. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. प्रत्येक वेळी थकलेल्या पायाने, पूर्ण वेगात उतरायचं. त्यातून त्याची गादीही दुखावलेली. स्वीडनच्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू मुळात घेतलेच नव्हते. साबळेचा गुडघा ज्यासाठी लागतो आणि पोलीस भरतीच्या मुलाचा ज्यासाठी लागतो, ते काम एक नाही. भरतीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. धावणं आहे, पण चढाईसारखं ऐन वेगात वळणं नाही.

आता जिंतूरचा हिशेब. 'व्यायाम' हा शब्द घरात स्वस्तातला पर्याय म्हणून घेतला जात होता. जिंतूरहून परभणी चाळीसेक किलोमीटर. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्टकडे जायचं म्हटलं तर सहा महिन्यांत ७८ फेऱ्या, एसटीने सहा हजार किलोमीटरच्या वर. त्यात सोयाबीन काढणी, कापूस वेचणी आली की घरातले सगळे हात रानात. आणि ऑपरेशन केलं तरी या फेऱ्या चुकत नाहीत, उलट वाढतात. २०१६ च्या एका नॉर्वेजियन अभ्यासात ऑपरेशननंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने कमी झालेला दिसला. ऑपरेशन करून महिनाभरात घरी बसलेला मुलगा आणि व्यायाम अर्धवट सोडलेला मुलगा, दोघांचं भविष्य सारखंच डळमळीत.

म्हणून मी काकांना ऑपरेशन की व्यायाम हे सांगितलं नाही. व्यायाम दोन्हीकडे आहे, तो कसा होणार ते आधी ठरवू म्हटलं. आमच्या कामात जो निर्णय मागे घेता येतो तो आधी करून बघायची पद्धत आहे. व्यायामानंतर ऑपरेशन करता येतं, ऑपरेशन मात्र मागे घेता येत नाही.

दोन्ही डॉक्टरांना पुन्हा भेटून ठरलं ते असं. तीन महिने व्यायाम. दर दुसऱ्या शनिवारी परभणी, मधल्या दिवसांचा व्यायाम घरी, फिजिओला व्हिडिओ पाठवून. दोन्ही मांड्यांची ताकद मोजायची, एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत यायला हवी. मधे गुडघा सटकला तर हिंमत दाखवायची नाही, तारीख घेऊन ऑपरेशन. खर्चाचे पैसे काका तोवर बाजूला ठेवतायत.

कबड्डीचा विषय त्याने स्वतःच काढला. पुन्हा चढाई करायची असेल तर बहुधा नवी दोरी घालावी लागेल आणि वर नऊ महिने, हे डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, आधी भरती. सहावा आठवडा चालू आहे. गुडघा पूर्ण सरळ होतो, जिना धरावा लागत नाही. मैदानावर तो रोज संध्याकाळी जातो, रेषेबाहेर बसून गुण लिहितो.