वरंध परिसरातील वीरगळ : झिजेचे ऐतिहासिक मूल्य

भोर व महाड यांना जोडणारा वरंध घाट ज्या मुलखात उतरतो, तेथे कोकणच्या इतर भागांप्रमाणेच ग्रामदेवतेच्या आवारात आणि जुन्या वाटांच्या कडेला वीरगळ व सतीशिळा उघड्यावर उभ्या आढळतात. वीरगळाची मांडणी सामान्यतः ठरलेली असते: तळाशी युद्धप्रसंग, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. पुष्कळ शिळांवर लेख नसल्याने वीराचे नाव व काल अज्ञातच राहतो. अशा ठिकाणी शिळेची झीज हेही एक साधन ठरते.

महाड भागात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे काळ्या पाषाणाचा पृष्ठभाग हळूहळू कुजतो व पापुद्रे सुटतात. पोकळ्यांतील खनिजे निघून गेली की खळगे उरतात आणि ते घाईने पाहणाऱ्यास कोरीव भासतात. उलटपक्षी, जमिनीत रुतलेला तळाचा भाग पुष्कळदा अधिक स्पष्ट राहतो. मानवी हाताची झीज याहून निराळी असते. स्पर्शाने व तेलाने ठरावीक भाग गुळगुळीत होतो, तर शेंदराच्या पुटांखाली आकृती झाकली जाते. वीराचे स्मारक गावाच्या दैवतात कसे परिणत झाले, याचा तो पुरावा होय.

लेख असला तरी प्रश्न मिटतोच असे नाही. अलिबागजवळील आक्षी येथील गद्धेगळाचा शक तुळपुळे यांनी ९३४ (इ. स. १०१२) असा वाचला, अन्य मताने तो लेख सुमारे दोन शतके अलीकडचा ठरतो. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांचा संबंध इ. स. १२६५ च्या सुमारास यादव महादेव व शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या संघर्षाशी जोडला जातो, तोही प्रामुख्याने त्यांवरील नौकायुद्धाच्या दृश्यांवरून.

म्हणून जीर्णोद्धाराच्या वेळी शिळा घासून काढणे, तैलरंग देणे किंवा सिमेंटमध्ये बसविणे हे केवळ अभिरुचीचे प्रश्न नाहीत. घासण्याने पुटांचा क्रम जातो, रंगाने पृष्ठभाग झाकला जातो, आणि जागा बदलल्यास वाट, शीव व देऊळ यांच्याशी असलेला शिळेचा संबंध तुटतो. प्रथम जागेवरील दिशा, रुतलेली खोली, पुटे व झिजेचे स्थान यांची छायाचित्रांसह नोंद व्हावी. ज्या वीराचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, त्याच्याविषयी उरलेला एकमेव कागद म्हणजे हा दगडच होय.