एकच हेडसेट, दोन परस्परविरोधी मते

आभासी वास्तवाचा अनुभव देणारा हेडसेट घेण्यापूर्वी इतर वापरकर्त्यांची मते वाचावीत, तर एकाच यंत्राविषयी एक जण चित्र लख्ख असल्याचे सांगतो आणि दुसरा अर्ध्या तासात डोके दुखू लागल्याची तक्रार करतो. यांपैकी कोणाचे खरे मानायचे? बहुतेक वेळा दोघांचेही खरे असते.

याचे उत्तम उदाहरण २०१९ मधील आहे. फेसबुकच्या मालकीच्या ऑक्युलस कंपनीने त्या वर्षी २१ मे रोजी ‘क्वेस्ट’ आणि ‘रिफ्ट एस’ हे दोन हेडसेट एकाच दिवशी बाजारात आणले. अमेरिकेत दोहोंची किंमत ३९९ डॉलरपासून होती. क्वेस्ट स्वयंपूर्ण होता, तर रिफ्ट एस केबलने संगणकाला जोडावा लागे.

कागदावर क्वेस्ट सरस होता. त्याच्या पडद्यावर प्रत्येक डोळ्यासाठी १४४० गुणिले १६०० बिंदू, तर रिफ्ट एसमध्ये १२८० गुणिले १४४०. तरीही रिफ्ट एसमधील अक्षरे अधिक सुस्पष्ट दिसतात, असे अनेक वापरकर्ते सांगत. हा भ्रम नव्हता. क्वेस्टच्या ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदूला रंगाचे दोनच उपबिंदू होते, रिफ्ट एसच्या एलसीडी पडद्यात तीन. गुणाकार केला तर एका डोळ्यापुढे क्वेस्टमध्ये सुमारे ४६ लाख आणि रिफ्ट एसमध्ये सुमारे ५५ लाख उपबिंदू भरतात. बिंदूंमधली जाळी त्यामुळे रिफ्ट एसमध्ये कमी जाणवे. याउलट अंधाऱ्या गुहेतला किंवा अंतराळातला खेळ खेळणाऱ्यास क्वेस्टच श्रेष्ठ वाटे. कारण ओएलईडीचा काळा रंग खरोखर काळा असतो, एलसीडीचा करडा. मत देणारा काय पाहत होता, हे कळल्याखेरीज त्याच्या मताला फारसा अर्थ उरत नाही.

मतभेदाचे सर्वांत मोठे कारण मात्र यंत्रात नसून चेहऱ्यात आहे. दोन बाहुल्यांमधील अंतर प्रौढांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असले, तरी व्यक्तीगणिक ते बरेच बदलते. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही, तर चित्र धूसर होते आणि डोळ्यांवर ताण येतो. क्वेस्टमध्ये भिंगे सरकवण्याची खिट्टी होती. रिफ्ट एसमध्ये भिंगे जागच्या जागी पक्की होती. सॉफ्टवेअरमधून चित्र जुळवता येई, भिंग नव्हे. ऑक्युलसचे संस्थापक पामर लकी तोवर कंपनीतून बाहेर पडले होते. आपल्या बाहुल्यांमधील अंतर सुमारे ७० मिलिमीटर असल्याने हा हेडसेट आपल्याला नीट वापरता येत नाही, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. ज्यांचे अंतर सरासरीजवळ होते, त्यांना ही तक्रार अतिशयोक्त वाटली असल्यास नवल नाही.

मळमळीचेही तसेच. डोळे चालत असल्याचे सांगतात आणि आतला कान स्थिर असल्याचे. हा विसंवाद कोणाला किती बाधेल, हे निरनिराळे असते. पुष्कळांना सरावाने त्याची सवय होते. पहिल्या दिवशीचे मत आणि महिन्यानंतरचे मत म्हणूनच एका तागडीत तोलू नये.

हे दोन्ही हेडसेट आता इतिहासजमा झाले आहेत. कंपनीचे नाव २०२१ मध्ये मेटा झाले. पण पेच कायम आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘क्वेस्ट ३’मध्ये चाक फिरवून भिंगांमधील अंतर ५८ ते ७१ मिलिमीटरपर्यंत हवे तसे ठेवता येते. २०२४ मधील स्वस्त ‘क्वेस्ट ३ एस’मध्ये ५८, ६३ आणि ६८ असे तीनच टप्पे आहेत. ज्याचे अंतर ६३ आहे, त्याला या काटकसरीचा पत्ताही लागणार नाही. ज्याचे ७२ आहे, त्याने दुकानात डोळ्यांवर चढवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. चष्मा करून देणारे हे अंतर मोजतातच, तेव्हा आपला आकडा त्यांच्याकडून विचारून घेता येईल.